थोरल्याचं पान

सिंदीत बातमी चालत नाही राजेहो, धावते. त्यातून ती लहानूजी उमाट्यांनी स्वतःच वाटायला घेतली होती, मग काय विचारता! त्यांच्या अंकुशनं अमेरिकेतून फोनवर सांगितलं, "बाबा, म्यां लग्न ठरवलं. पोरगी अमेरिकन इंडियन हाय." लहानूजींनी त्यातलं 'इंडियन' तेवढं कानात ठेवलं आणि पेढ्यांचा डबा घेऊन घराबाहेर पडले. "पोरगी इंडियनच हाय हो! तिकडं वाढली म्हणून अमेरिकन म्हनते तिले." किराणावाल्या अण्णाजींनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "पन आपल्यातली का दुसऱ्यातली?" लहानूजी म्हणाले, "ते आज इचारून घेतो."

मग फोटो आला. रुंद चेहरा, कमरेखाली गेलेले काळेभोर केस. सुलोचनाबाईंनी चष्मा लावून फोटो जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाल्या, "मले तं हे गडचिरोलीकडची दिसते." तेव्हा अंकुशनं समजावून सांगितलं की ताशीना डाकोटा लोकांपैकी आहे, गोरे लोक तिकडं जायच्या आधीपासून जे तिथं राहत होते त्यांच्यातली.

"मंग तेच खरे अमेरिकावाले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "इंडियन काऊन म्हनते त्यायले?"

"चुकून पडलं आई ते नाव."

"बाप्पा बाप्पा! दुसऱ्याच्या चुकीनं ठेवलेलं नाव अजून वागवून राह्यले बिचारे!" असं म्हणून त्यांनी पुन्हा त्या केसांकडं पाहिलं. "असेच होते माहे. माह्या केसायचं गंगावन ठेवलं हाये पेटीत. सून येईन तवा तिले देईन." तरुणपणी विंचरताना निघालेले केस एकेक साठवून त्यांनी ते गंगावन करून घेतलं होतं. ते द्यायचं राहून गेलं. लग्न तिकडंच झालं, नात झाली, आणि सून इथं यायच्या आत सुलोचनाबाई गेल्या.

आता लहानूजींचं सांगतो. घरातलं शेंडेफळ म्हणून नाव पडलं लहानू. त्या काळी सिंदीत घरोघरी एक लहानू होता, बाजारात हाक मारली की दोघेतिघे वळून पाहत. थोडंसं वावर होतं ते मोठ्या भावांच्या वाट्याला पुरलं नाही, तिथं ह्यांचं काय! कोणीतरी चिठ्ठी दिली आणि नागपूरच्या एका डॉक्टरकीच्या कॉलेजात अटेंडंट म्हणून चिकटले. रोज गाडीनं अप-डाऊन. काम कोणतं, तर पोरांना माणसाचं शरीर कापून शिकवतात त्या हॉलातलं. बॉडी टाकीत औषधात मुरवायची, वेळेवर टेबलावर मांडायची, संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. वर्ष सरलं की उरलंसुरलं नीट गोळा करून अग्नीला पोचवायचं. तीस वर्षं हेच केलं. त्या औषधानं बोटांची कातडी पांढरी पडली, भेगाळली, ती कायमची.

सुरुवातीच्या काळात देहदान वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. यायच्या त्या बेवारस बॉडी. कोणी फलाटावर गेलेला, कोणी फुटपाथवर. नावाच्या जागी नंबर. लहानूजींच्या जिवाला ते काही पटेना. "मानूस हाये बा तो, मालगाडीचा डबा थोडीच हाये!" मग त्यांनी आपलं एक काढलं. वर्षाची पहिली बॉडी आली की तो थोरला, त्यानंतरचा मधला आणि शेवटचा लहाना. आपलं स्वतःचंच नाव त्याला दिलं याचं त्यांना फार बरं वाटे. डॉक्टरीची पोरं आधी हसली, मग तीही तसंच म्हणायला लागली. "लहानूभाऊ, मधल्याचा डावा हात कुठं ठेवला?"

सर्वपित्री अमावास्येला घरच्या पित्तरांचं पान मांडून झालं की लहानूजी आणखी तीन पानं मागत. परसातल्या भिंतीवर ती ठेवून हाक देत, "थोरल्या, ये बा. मधल्या, ये. लहान्या, तू बी ये." पहिल्या वर्षी सुलोचनाबाई तडकल्या होत्या. "कोन कुठचे मुर्दे, आनि माह्या हातचे वडे खातीन?" पण पुढच्या वर्षी त्यांनी न सांगता डाळ जास्तीची भिजवली.

एवढंच नाही. दुखणं वाढलं तेव्हा त्यांनीच विषय काढला. "तीस वर्सं तुमी त्यायच्या सोबतीनं डबा खाल्ला. मी काय परकी होईन तिथं? मले बी तिथंच द्या. पन नाव राहू द्याल माहं. मले कोनी थोरली-धाकली म्हनाले नाई पाह्यजे." लहानूजी तेव्हा रिटायर झालेले. गाडीत बायकोच्या उशाशी बसून स्वतः घेऊन गेले, आणि नव्या अटेंडंटच्या हातानं पायाला नावाची पट्टी बांधून घेतली. सुलोचना. तिथून राख-फूल काही मागून आणायचं नाही, असं तेच आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. म्हणून त्यांनीही मागितलं नाही. बायको गेली ती अशी गेली की दिवा लावायलाही जागा उरली नाही.

अशा घरी दोन वर्षांनी, ऐन पितृपक्षात, अंकुश बायको-पोरीला घेऊन आला.

ताशीना आली ती दारातच लहानूजींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उभी राहिली. नमस्कार नाही, काही नाही, नुसते हात धरून डोळे भरून पाहत राहिली. शेजारच्या शोभाबाई कुजबुजल्या, "हात सोडून नाई राह्यली हो, लय मायेची दिसते." तिनं त्या भेगांवरून अंगठा फिरवला आणि अंकुशला काही विचारलं. अंकुश चटकन म्हणाला, "शेतीच्या कामानं असे झाले का, इचारते." लहानूजी सांगणार तेवढ्यात त्यानंच मान हलवून हो म्हणून टाकलं. लहानूजींना नवल वाटलं. प्रवासानं पोरगा थकला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

नात सहा वर्षांची, नाव विनोना. तिनं पहिल्याच दिवशी आबाजींच्या खांद्यावर मुक्काम ठोकला. लहानूजींनी नावाचा अर्थ विचारला, तर अंकुश म्हणाला, "त्यायच्यात पहिली पोरगी झाली का ते विनोना. पोरगा झाला असता तं चास्के."

"म्हंजे थोरली आनि थोरला! अरे, हे तं आपल्यासारखंच झालं!" लहानूजींना कोण आनंद. त्या घडीपासून ते नातीला थोरली म्हणू लागले. तिनंही तो शब्द उचलला. छातीवर हात ठेवून सगळ्या गल्लीला सांगत फिरे, "मी थोरली."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे परसात चिंचेखाली बसले होते. लहानूजींनी सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव कोनतं बाई?" आपल्याकडं पाहुण्याला विचारतात तसं. आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. अंकुशनं प्रश्न पोचवला. ताशीना म्हणाली, "ते आमच्याकडून घेतलं." आणि सांगायला लागली. ती बोले, अंकुश मराठीत करी.

नदीच्या दोन्ही काठांनी तिच्या लोकांचा मुलूख होता. सरकारनं करार करून करून तो घेतला, मागं काठाची एक चिंचोळी पट्टी ठेवली. बदल्यात दरसाल पैसा न् धान्य देऊ म्हणाले. एका उन्हाळ्यात पैसा आलाच नाही. कोठारात धान्य दिसत होतं, पण देईनात. लेकरं भुकेनं रडत होती, आणि एक दुकानदार म्हणाला, भूक लागली असेल तर गवत खा म्हणावं. मग काही तरण्या पोरांच्या हातून गोरे वसाहतवाले मारले गेले आणि सगळीकडं आग लागली. "आमच्या लोकांनी बाया-पोरंही मारली," ताशीना म्हणाली, "ते मी लपवत नाही. काहींनी गोऱ्यांना आपल्या घरात लपवून वाचवलंही. पण हरल्यावर आम्ही सगळे सारखेच ठरलो."

"कोनतं साल हे?" लहानूजींनी विचारलं.

"अठराशे बासष्ट. आपला वर्धा जिल्हा झाला ना बाबा, तेच साल. तिकडं गोऱ्यायची आपसात बी मोठी लढाई चालू होती, त्याच्यानं तिकडचा कापूस बंद पडला आनि इकडच्या कापसाले भाव आला."

"म्हंजे आपले आजे-पंजे तवा खुशीत असतीन," लहानूजी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

तीनशेवर माणसांना फाशी फर्मावली होती. एकेकाचा निवाडा चहा थंड व्हायच्या आत. वरून हुकूम आला तेव्हा त्यातली अडतीस उरली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मॅनकेटो गावात एकाच मांडवावर अडतीस जणांना एकदम लटकावलं, आणि पाहायला जत्रेसारखी गर्दी. अंकुश नोकरी करतो तेच हे गाव. त्या अडतिसांत ताशीनाचा खापरपणजा होता. त्याचं नाव चास्के.

"तुरुंगात चास्के किती तरी होते," ताशीना म्हणाली. "प्रत्येक घरचा थोरला तो चास्के. हाक आली, चास्के! आमचा उठला. आमच्या घरात सांगत आलेत की बोलावलेला चास्के दुसराच होता. आमच्यानं कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता. त्याला वाटलं, सोडायला बोलावलं."

थोरला म्हणून हाक मारली आणि भलताच थोरला उठला, हे लहानूजींना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सिंदीच्या बाजारात ते रोजच होत होतं, फक्त तिथं फाशी नव्हती.

"मंग माती तरी नीट झाली का त्यायची?"

हा प्रश्न मात्र अंकुशनं पोचवला नाही. तो जमिनीकडं पाहत बसला. ताशीनानं त्याला कोपरानं ढोसलं, काय विचारतात ते सांग म्हणाली. त्यानं सांगितलं, तिनं उत्तर दिलं. ते त्यानं अडखळत मराठीत केलं. "नदीच्या वाळूत पुरलं होतं सगळ्यायले. पन त्याच रात्री... डॉक्टर लोकं आले. उकरून नेलं. कापाले. शिकाले."

चिंचेवर पाखरांचा गलका चालू होता. लहानूजींनी आपले हात धोतराच्या सोग्याखाली घेतले.

ताशीना सांगतच होती. कोणाची हाडं डॉक्टरांच्या घरी, कोणाची कवटी कपाटात. तिच्या चास्केचं काहीच परत आलं नाही. तिची आजी मरेपर्यंत म्हणत होती, आमचा थोरला अजून टेबलावरच आहे.

थोड्या वेळानं अंकुशनं बापाला विहिरीपाशी गाठलं. "बाबा, आईचं तिले सांगू नका. तुमच्या कामाचं बी नका सांगू. म्यां तिले सांगितलं हाये का आईले जाळलं, राख पवनारले धाम नदीत सोडली."

"खोटं काऊन बोल्ला बा?"

"काय सांगू मंग? का माह्या आईले बी टेबलावर ठेवलं, आनि माह्या बापानंच नेऊन ठेवलं? थे एक दिवस राह्यनार नाई या घरात. पोरीले बी पाठवनार नाई मंग कधी." त्यानं चिंचेखाली बसलेल्या पोरीकडं पाहिलं. "तुमाले नात पाह्यजे ना?"

नात पाहिजे ना! म्हाताऱ्याला याहून दुसरं काय पाहिजे होतं! घर रिकामं होतं, दिवसभर भिंतींशी बोलायची पाळी होती, आणि आता त्या घरात एक पोट्टी 'मी थोरली' म्हणत नाचत होती. लहानूजी बरं म्हणाले. तीस वर्षांच्या कामाबद्दल त्यांनी कोणासमोर मान खाली घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली.

ताशीनाला सासूला भेटायचं होतं. मग गाडी करून पवनारला गेले. धामच्या पात्रात, खडकांमध्ये, ती वाकली आणि पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढून पाण्यात सोडली. त्यांच्यात मेलेल्या माणसाला तशी देतात. लहानूजींच्या मनात आलं, सुलोचनेला तंबाखूचा वासही खपत नव्हता, माझी डबी दोनदा तिनं उकिरड्यावर फेकली. हसू येता येता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. तेवढ्यात विनोना पुढं झाली, पाण्याकडं पाहून तिनं हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी! मी थोरली!"

लहानूजींना तिथं उभं राहवेना. आपली बायको त्या पाण्यात नव्हतीच. पोरगी कोणाला हाक मारत होती? ताशीनानं त्यांना रडताना पाहिलं, जवळ येऊन पुन्हा ते दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले. त्यांना वाटलं, हे हात आत्ता तोडून टाकावे.

मग अमावास्या आली. शोभाबाईंनी सकाळपासून वडे तळले, कढी केली, खीर केली. घरच्या पित्तरांचं पान झालं. लहानूजींनी त्या वर्षी बाकीची पानं न मांडायचं ठरवलं होतं, पण शोभाबाईंना काय ठाऊक! त्यांनी दरवर्षीप्रमाणं तीन पत्रावळी वाढून समोर आणल्या. "घ्या लहानूभाऊ, तुमच्यावाल्यायची." वाढलेलं पान परत कसं न्यायचं? लहानूजींनी ती भिंतीवर ठेवली आणि खालच्या आवाजात हाक दिली, "थोरल्या, ये बा."

विनोनाचे कान टवकारले. हा शब्द तर तिचा! "थोरला?" तिनं विचारलं, आणि आईकडं वळून ओरडली, "चास्के! चास्के!"

ताशीना जागच्या जागी थबकली. तिनं त्या पानाकडं पाहिलं, वड्यांकडं, खिरीच्या द्रोणाकडं पाहिलं, आणि तिचा चेहराच बदलला. दीडशे वर्षांत तिच्या चास्केला कोणी जेवायला बोलावलं नव्हतं, आणि दुनियेच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा त्याचं पान मांडून हाक मारत होता! ती हमसून हमसून रडू लागली. रडतच तिनं लहानूजींच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या पाठीमागून अंकुश डोळ्यांनी विनवत होता, बाबा, राहू द्या, तसंच राहू द्या.

आणि राहू दिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? सून खूश, नात जवळ, पोराचा संसार सुखाचा. लहानूजींनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण भिंतीवरचं ते पान ज्याचं होतं, तो त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला. पहिल्या वर्षाचा पहिला, काळासावळा, पायाचा अंगठा तुटलेला. त्याचं वर्षातून एवढं एकच जेवण, तेही दुसऱ्याच्या नावावर खपवायचं?

"अंकुश, सांग तिले. हे पान कोनाचं ते."

"बाबा, नका ना."

"मंग मीच सांगतो."

लहानूजींना इंग्रजी येत होतं ते हॉलातलं तेवढंच. ते सुनेपासून दूर सरले, हात पुढं धरले आणि बोलले. "थोरला, नॉट चास्के. थोरला, बॉडी. कॉलेज. स्टूडंट कट. आय वर्क. थर्टी इयर." मग दम घेऊन, "वाइफ, नो रिव्हर. वाइफ, बॉडी. आय गिव्ह."

शोभाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. ताशीनानं आधी अंकुशकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, त्यातच तिला कळलं. तिनं हात लांबवून विनोनाला जवळ ओढलं. मग तिनं एक प्रश्न विचारला, अगदी हळू.

"थे इचारते," अंकुश म्हणाला, "त्यायले कोनी इचारलं होतं का?"

"सुलोचनेनं तिच्या तोंडानं सांगितलं होतं. म्यां तं नाई म्हनत होतो."

"आनि थोरल्याले?"

"त्याले... नाई. त्याचं कोनी नव्हतंच."

"त्याचं नाव काय होतं, इचारते."

"मले का मालूम! म्हनून तं म्यां ठेवलं."

ताशीनानं यावर दोनच शब्द उच्चारले. अंकुश ते मराठीत करीना. लहानूजींनी दोनदा विचारलं तेव्हा तो भिंतीकडं पाहत म्हणाला, "म्हनते, त्या डॉक्टरायचं बी तसंच."

त्या दिवशी ती जेवली नाही. रागावली नाही, भांडली नाही, पोरीला मांडीवर घेऊन चिंचेखाली बसून राहिली. आठ दिवसांनी जायचे ते दुसऱ्या दिवशीच निघाले. बॅगा बाहेर आल्या तेव्हा लहानूजी पेटी उघडून बसले होते. त्यांनी सुलोचनाबाईंचं गंगावन काढलं, फडक्यात ठेवलं आणि सुनेपुढं धरलं. "सांग तिले अंकुश. तुह्या मायनं तिच्यासाठी ठेवलं होतं. तिचेच केस हायेत, तवाचे."

ताशीना पाहतच राहिली. तिच्या लोकांत, अंकुशनं नंतर सांगितलं, माणूस गेलं की त्याचे केस लाल कापडात बांधून वर्षभर घरात ठेवतात, त्याला रोज घास दाखवतात, आणि वर्ष झालं की मोकळं करतात. तिनं ते केस दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले, छातीशी धरले. लहानूजींनी हात तसेच पुढं ठेवले होते. त्या हातांना मात्र तिनं शिवलं नाही.

विनोना पळत आली आणि आबाजींच्या गुडघ्यांना मिठी मारून गेली. तिला आईनं अडवलं नाही, एवढं खरं.

गाडीत बसण्याआधी अंकुश बापाजवळ आला. "बाबा, एक नदी राहू देली असती तं काय बिघडलं असतं?"

"पोट्टी पान्याले आजी म्हने बा," लहानूजी म्हणाले. "माह्यानं पाह्यवलं नाई."

मग वर्ष गेलं. अंकुशचा फोन येतो, विनोना फोनवर नाचून दाखवते. एकदा फोनमध्ये तिच्या मागच्या भिंतीवर लाल कापडाचं गाठोडं टांगलेलं लहानूजींना दिसलं. त्याच्यापुढं वाटीत काहीतरी वाढलेलं होतं. सुलोचनेला शेवटी दिव्यापुरती जागा मिळाली, ती सातासमुद्रापलीकडं. ताशीना फोनवर येत नाही. अंकुश म्हणतो, येईल हळूहळू. लहानूजींच्या स्वतःच्या देहदानाचं त्यानं भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "माहं मी देऊन राह्यलो. मले इचारलं हाये."

पण एका गोष्टीनं म्हातारा आतून खचला. तीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण त्या बेवारशांना नाव दिलं, केवढी मोठी माया केली. आता उठता-बसता तेच डोक्यात. त्यायले नावं होतीच ना? कोनाच्या मायनं ठेवलीच असतीन. म्यां शोधली नाई, नवी ठेवली. किती थोरले आले, किती गेले, आनि माह्या एका हाकेत सगळे बसले. शोभाबाई समजावतात, "तुमी तं पुन्याचंच केलं भाऊ." लहानूजी मान हलवतात, पण त्यांचा जीव काही थाऱ्यावर येत नाही.

यंदाच्या अमावास्येला शोभाबाईंनी पानं वाढून आणली. लहानूजींनी ती भिंतीवर ओळीनं मांडली. आधी एक पान वेगळं ठेवून म्हणाले, "सुलोचना, ये." मग दुसऱ्या पानापुढं आले आणि तोंड उघडलं, पण थोरल्या म्हणवेना. वडे निवले, कढीवर साय धरली. शोभाबाई मागून म्हणाल्या, "काऊन भाऊ, बलवा ना त्यायले."

लहानूजींनी ते पांढरे, भेगाळलेले हात जोडले. "मले नावं मालूम नाई बा तुमची," ते भिंतीकडं पाहून म्हणाले. "ज्याचं जे असन, त्या नावानं या."